'नेफेश'चा मराठी प्रतिशब्द लिहा (एकच)

प्रमाणपत्र आलं. नाव बरोबर, श्रेणी चांगली, आणि प्रकल्पाच्या विषयापुढे छापलंय: 'नेफेश (आत्मा)'. ज्या एका शब्दाविरुद्ध मी अख्खा पावसाळा भांडले, तोच कंसात बसून माझ्याकडे बघतोय. बायबलच्या हिब्रूचा हा कोर्स करू पाहणाऱ्या दोघीतिघींनी 'तुझा अनुभव लिही' असं सांगितलं होतंच, तर आता लिहूनच टाकते. संस्थेचं नाव घेत नाही. माणसं भली आहेत, त्यांचा फॉर्म भला नाही.

अक्षरओळख, स्वरचिन्हं, क्रियापदांचे तक्ते, तोंडी परीक्षा हे सगळं पार पडतं. त्याची धास्ती घेऊ नका. शेवटी 'शब्दाभ्यास' नावाचा प्रकल्प असतो. बायबलच्या जुन्या करारातला (म्हणजे हिब्रू बायबलमधला) एक शब्द निवडायचा, तो कुठेकुठे आलाय ते काढायचं, अर्थ लावायचे आणि अहवाल द्यायचा. मी 'नेफेश' घेतला. हिब्रू बायबलमध्ये तो साडेसातशेच्या वर वेळा येतो, म्हणजे उदाहरणांची वाण पडत नाही. (तुम्ही एवढा मोठा शब्द घेऊ नका. पन्नास-शंभर वेळा येणारा घ्या, रविवार मोकळे राहतील.)

अहवाल लिहून झाला होता. अडलं ते अहवालासोबतच्या ऑनलाइन प्रपत्रात. रकाना चौथा: 'मराठी प्रतिशब्द (एकच लिहावा)'. दोन शब्द लिहून मध्ये स्वल्पविराम दिला की लाल अक्षरं उमटतात, 'अवैध नोंद'. तिरकी रेघ दिली तरी तेच. आणि रकाना रिकामा ठेवला तर पुढचं पान उघडत नाही.

आता हा शब्द काय चीज आहे ते सांगते, म्हणजे माझा संताप कळेल.

नेफेशचा अगदी अंगाला लागून असलेला अर्थ आहे गळा, घसा, जिथून श्वास आणि घास जातो ती जागा. (पुढे स्तोत्र, योना, गणना, अनुवाद अशी नावं येतील ती बायबलमधल्या पुस्तकांची, आणि आकडे अध्यायांचे.) शेजारच्या अक्कादी या प्राचीन भाषेत याच्याच भावंड शब्दाला, 'नपिश्तु'ला, गळा, श्वास आणि जीव असे तिन्ही अर्थ आहेत. स्तोत्र ६९ च्या सुरुवातीला एक माणूस चिखलात रुतलाय, पाय टेकायला जागा नाही, आणि पाणी नेफेशपर्यंत आलंय. पाणी आत्म्यापर्यंत कसं येईल? ते गळ्याशीच येणार. योनाच्या दुसऱ्या अध्यायातही समुद्राच्या पोटात तसंच होतं, पाणी नेफेशला वेढतं. आपण 'प्राण कंठाशी आले' म्हणतो तेव्हा प्राण आणि कंठ जसे एका जागी येतात, तसे हिब्रूत ते एका शब्दातच राहतात. रानात मान्ना, म्हणजे देवाने पाठवलेलं अन्न, खाऊन कंटाळलेले इस्राएल लोक गणनाच्या अकराव्या अध्यायात कुरकुरतात की आमचा नेफेश सुकून गेला. मिसरातल्या (इजिप्तमधल्या) काकड्या, खरबुजं, कांदे, लसूण आठवून ज्याला कोरड पडते तो घसाच. यशया पाचमध्ये तर अधोलोकच आपला नेफेश फाकतो आणि माणसं गिळतो.

घशावरून भूक आली. नीतिसूत्रे २३ मध्ये राजाच्या पंगतीला बसणाऱ्याला तंबी आहे की तू 'नेफेशचा धनी' असशील तर स्वतःच्या गळ्याला सुरी लाव. नेफेशचा धनी म्हणजे खादाड. गंमत म्हणजे पुढे रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, हिब्रूत हेच 'बाल नेफेश' फार काटेकोर, धर्मभीरू माणसासाठी वापरलं जाऊ लागलं. खादाडापासून सोवळ्यापर्यंतचा प्रवास.

मग जीव. अनुवाद १२ म्हणतो रक्त हेच नेफेश, म्हणून मांस खा पण रक्त खाऊ नका. निर्गम २१ मध्ये नेफेशला नेफेश, म्हणजे जिवाबद्दल जीव. अनुवाद २४ मध्ये मला सगळ्यांत आवडणारं वचन आहे: कोणाचं जातं किंवा जात्याची वरची तळी गहाण ठेवून घेऊ नका, कारण ते नेफेश गहाण घेण्यासारखं आहे. वरची तळी नेली की खालची पडून राहते, पीठ निघत नाही, संध्याकाळी भाकरी नाही. इथे नेफेश म्हणजे पोट, म्हणजे ज्याच्यावर घर चालतं ते.

मग नुसती माणसं. उत्पत्ती ४६ मध्ये याकोबाच्या घराण्याचे सत्तर नेफेश मिसरात गेले, म्हणजे सत्तर जण. शिरगणती.

आणि शेवटी प्रेत. गणना ६ मध्ये नाजीराने, म्हणजे देवासाठी व्रत घेतलेल्या माणसाने, 'मेलेल्या नेफेश'जवळ जायचं नाही. पाचव्या अध्यायात तर 'मेलेला' हा शब्दही गळलाय, 'नेफेशमुळे अशुद्ध झालेला' म्हणजे प्रेताला शिवलेला. जिवंतपण दाखवणारा शब्द मढ्यालाही चालतो.

हे सगळं एका चौकोनात, स्वल्पविराम न देता.

मी 'जीव' लिहिलं. पुष्कळ विचार करून लिहिलं होतं. आपल्या जुन्या मराठी भाषांतरकारांनीही अनेक ठिकाणी तोच पत्करलाय. 'हे माझ्या जिवा, परमेश्वराचा धन्यवाद कर' हे स्तोत्र १०३ आम्ही लहानपणापासून म्हणत आलो. स्तोत्र ४२ मधला हरिणीसारखा लुलपणारा जीवही नेफेशच, आणि तिथे तहान असल्यामुळे मागे घसाही ऐकू येतो. मराठीत जीव जातो, जीव लावतात, जीव घेतात, मुंगीही जीवच असते.

बऱ्याच दिवसांनी प्रपत्र परत आलं. तपासनिसांनी एक ओळ लिहिली होती: 'कृपया प्रमाण प्रतिशब्द वापरावा: आत्मा.'

मी उत्तर पाठवलं, थोडक्यात, नम्रपणे. शास्ते १६ मध्ये शमशोन खांब ढकलताना 'पलिष्ट्यांबरोबर माझा नेफेश मरो' म्हणतो. यहेज्केल १८ म्हणतो जो नेफेश पाप करील तो मरेल. मरणाऱ्या गोष्टीला मराठीत आत्मा म्हणायचं कसं? महाराष्ट्रात आत्मा म्हटलं की देवळात जाणारा असो की चर्चला, कानात गीतेतला आत्माच घुमतो, शस्त्रांनी न तुटणारा, आगीने न जळणारा. प्रेताला शिवून अशुद्ध झालेल्या माणसाला 'आत्म्यामुळे अशुद्ध' म्हटलं तर ती भुताची गोष्ट होईल. शिवाय मराठी बायबलमध्ये आत्मा ही जागा आधीच भरलेली आहे, ती 'रुआख' या दुसऱ्या शब्दाची. पवित्र आत्मा तो. दोन वेगळ्या हिब्रू शब्दांना एकाच खुर्चीत बसवलं तर वाचणाऱ्याने ओळखायचं कसं कोण कोण ते?

उत्तराला उत्तर नाही. पोर्टलवर 'कार्यवाही सुरू आहे' एवढंच. रोज सकाळी चहा गॅसवर ठेवून मी ते उघडायची, आणि कार्यवाही सुरूच असायची.

'आत्मा' आला कुठून हे मला त्या वाट पाहण्यात कळलं. इसवीसनापूर्वीच्या शतकांत ज्यूंनी आपलं शास्त्र ग्रीकमध्ये आणलं तेव्हा नेफेशला बहुतेक ठिकाणी 'प्सुखे' झालं. लॅटिनमध्ये 'अनिमा', इंग्रजीत 'सोल', आणि तिथून आमच्या तपासनिसांच्या टेबलावर 'आत्मा'. इंग्रजीवालेसुद्धा सगळीकडे एकच शब्द ठेवू शकले नाहीत. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात मासे आणि जलचर 'नेफेश हय्या' आहेत, दुसऱ्यात आदाम मातीतून 'नेफेश हय्या' होतो. शब्द हुबेहूब तेच. १६११ च्या किंग जेम्स या इंग्रजी बायबलमध्ये माशांना 'क्रीचर' मिळालं आणि आदामाला 'सोल'. हिब्रू वाचणाऱ्याला मात्र दोन्हीकडे तोच जिवंत जीव दिसतो, आणि आदाम माशांच्या शेजारी उभा राहतो.

याचा राग जास्त येतो, कारण हिब्रू आणि मराठीची गाठ थेट पडण्याला आपल्याकडे जुना इतिहास आहे. मिशनरी जॉन विल्सन यांनी बेने इस्राएलांसाठी, म्हणजे आपल्याकडच्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंसाठी, मराठीतून हिब्रू व्याकरण मुंबईत १८३२ साली काढलं. केडगावला पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि १९२२ मध्ये जाईपर्यंत बायबलच्या मराठी भाषांतरावर काम करत राहिल्या. आणि आज मराठी माध्यमाच्या कोर्सात प्रमाण प्रतिशब्द ठरतो इंग्रजी कोशावरून.

मध्येच आठवलं म्हणून सांगते: वचनांचे क्रमांक. स्तोत्राला मोठं शीर्षक असेल तर हिब्रूत बहुतेकदा तेच पहिलं वचन धरतात, म्हणून मराठीतलं ६९:१ हिब्रूत ६९:२ असतं. योनाचा दुसरा अध्याय हिब्रूत एका वचनाने पुढे सरकतो. अहवालात दोन्ही क्रमांक द्या, नाहीतर 'संदर्भ जुळत नाही' म्हणून परत येईल.

शेवटी फोन केला. समन्वयक बाई गोड होत्या.

'ताई, तुम्ही आत्मा लिहा आणि मोकळ्या व्हा. पुढे कोण बघतंय?'

'मॅडम, पुढे प्रेत आहे,' मी म्हटलं. त्या क्षणभर गप्प. मग मी गणना ६ समजावलं.

'मग शेऱ्यात लिहा ना.'

शेरा! त्या प्रपत्राच्या अगदी तळाशी 'इतर' म्हणून बारीक अक्षर आहे, त्यावर टिचकी मारली तरच शेऱ्याचा रकाना उघडतो. हे सूचनापत्रात कुठेही नाही. आत अक्षरमर्यादा आहे आणि मोकळ्या जागाही मोजल्या जातात. पण स्वल्पविराम चालतो. रकाना चारमध्ये 'जीव' तसाच ठेवला आणि शेऱ्यात लिहिलं: 'जीव हा प्रधान अर्थ. स्तोत्र ६९, योना २, यशया ५: गळा. नीति. २३: भूक. अनुवाद २४: उपजीविका. उत्पत्ती ४६: जण. गणना ५, ६: प्रेत. आत्मा हा रुआखचा प्रतिशब्द असल्याने वापरलेला नाही. पाहा जोडपत्र अ.' हे एका बैठकीत मंजूर झालं. कोणी एक प्रश्न विचारला नाही.

जोडपत्र अ मात्र नीट करा, कारण गुण त्यावर मिळतात. बहुतेक जण उत्पत्तीपासून मलाखीपर्यंत ओळीने वचनं लिहीत सुटतात. त्यापेक्षा शब्दाच्या शेजारी कोण बसलंय ते बघून गट पाडा. जवळ तहान, सुकणं, फाकणं असेल तर घसा. आकडा असेल तर माणसं. रक्त किंवा 'घेणे', 'वाचवणे' असेल तर जीव. शिवणं आणि अशुद्ध असेल तर प्रेत. अर्थ शेजाऱ्यांवरून ठरतो, धातूवरून नाही. धातू बघाच, 'नाफश' म्हणजे दम खाणं, निर्गम ३१ मध्ये सातव्या दिवशी देवसुद्धा तसा दम खातो. पण तेवढ्यावरून प्रत्येक वचनात श्वास कोंबू नका. एका वचनात सगळे अर्थ ओतायचा मोह प्रवचनकारांना फार होतो, आणि त्याच खोडीवर बायबलचे अभ्यासक जेम्स बार यांनी १९६१ मध्ये विद्वानांचेही कान उपटले आहेत. तपासनीस कितीही इंग्रजीवाले असले तरी बार त्यांनी वाचलेले असतात.

कोशाबद्दल. ब्राउन-ड्रायव्हर-ब्रिग्ज हा जुना कोश धातूप्रमाणे लावलेला आहे. नेफेश सहज सापडतो, पण 'मिश्पात' (न्याय) मेम या अक्षराखाली शोधत बसाल तर सापडणार नाही, तो 'शाफत' धातूखाली आहे. स्ट्राँगच्या शब्दसूचीत प्रत्येक शब्दाला दिलेले क्रमांक (नेफेशचा ५३१५) वचनं शोधायला उत्तम, अर्थ ठरवायला नाही.

एक बेने इस्राएली काका ओळखीचे आहेत. त्यांनी सांगितलं की त्यांच्याकडे 'पिकुआख नेफेश' हे तत्त्व आहे, कोणाचा जीव वाचवायचा असेल तर शब्बाथही, म्हणजे आठवड्याचा पवित्र विश्रांतीचा दिवसही, मोडायचा. 'तिथे आत्मा म्हणून बघ,' ते हसत म्हणाले, 'आत्म्यासाठी अँब्युलन्स कोण बोलावतं?' हे वाक्य मला जोडपत्रात घालायचं होतं. राहून गेलं.

फाइल पीडीएफ करूनच चढवा. वर्डमधून पाठवली की हिब्रूची स्वरचिन्हं गळतात आणि ओळ डावीकडून उजवीकडे उलटी होते, मग 'शुद्धलेखन तपासावे' असा वेगळाच शेरा येतो.

प्रमाणपत्रावरचा कंस काढण्यासाठी अर्ज दिलाय. तोवर ज्या मैत्रिणीने 'रुआख' घेतलाय तिच्यासाठी: वारा, श्वास आणि आत्मा हे तिन्ही तुला यहेज्केल ३७ मध्ये, वाळलेल्या हाडांच्या खोऱ्यात, एकाच अध्यायात मिळतील. तिथूनच सुरुवात कर, आणि रकाना चार भरायच्या आधी तळाचं 'इतर' उघडून ठेव.