लाडवांचा डबा परत आला

कोरियातल्या बालवाडीतून आलेल्या थोरलीच्या दप्तरातून डबा निघाला तो जसाच्या तसा. तिळाचे लाडू, वरचा बटर पेपर, झाकणाभोवती मी बांधलेली फीत, सगळं जागच्या जागी. फितीखाली फक्त घडी घातलेली एक चिठ्ठी होती. बाईंनी टपोऱ्या अक्षरांत लिहिलं होतं की तुमच्या भावना पोचल्या, त्या मी ठेवून घेतल्या, डबा मात्र परत पाठवते, कृपया राग मानू नका. त्याखाली लेकीबद्दल चार ओळी होत्या. ती आता कात्री नीट धरते. वर्गात नवीन मुलगा आला तेव्हा हाताला धरून त्याला हात धुवायची जागा तिनेच दाखवली.

राग मानू नका म्हटलं तरी राग आलाच. आपल्याकडे शेजारणीची रिकामी वाटीसुद्धा परत पाठवत नाहीत, तिच्यात साखरेचे चार दाणे का होईना, घालतात. आणि इथे माझा भरलेला डबा दारातून परत. तीळ भाजून, कुटून, गूळ या परक्या देशात शोधून आणून केलेले लाडू. इथे शिक्षकांना दिलेली भेट लाच समजतात, पण लाडवांत लाच कसली?

कोरियात शाळेचं वर्ष मार्चमध्ये सुरू होतं आणि फेब्रुवारीत संपतं. वर्षभर ज्या बाईंनी माझ्या मुलीला तिला न समजणाऱ्या भाषेत रमवलं, जेवायला शिकवलं, रडताना कडेवर घेतलं, त्यांना वर्ष संपताना काहीतरी द्यावं असं मला वाटलं, ते कुठल्याही मराठी आईला वाटलं असतं. आमच्याकडे आणखी एक गंमत झाली. धाकटा पाळणाघरात जातो. त्याच्या ताईंना त्याच सकाळी तसाच डबा दिला, तो त्यांनी दोन्ही हातांनी घेतला, कमरेत वाकून आभार मानले आणि संध्याकाळी लाडू आवडल्याचा निरोपही आला. एकाच घरातली दोन मुलं, एकाच पातेल्यातले लाडू. एक डबा आनंदाने खाल्ला गेला, दुसरा परत आला.

कारण आहे एक कायदा. इथे सगळे त्याला किम यंग-रान कायदा म्हणतात. किम यंग-रान या कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयातल्या पहिल्या महिला न्यायाधीश. पुढे भ्रष्टाचारविरोधी आयोगाच्या प्रमुख असताना त्यांनी हा कायदा सुचवला. 2015 मध्ये तो संमत झाला आणि 28 सप्टेंबर 2016 पासून लागू झाला. सरकारी नोकर, पत्रकार, आणि खासगी शाळांतलेसुद्धा शिक्षक त्यात येतात. बालवाडी कायद्याने शाळा आहे, म्हणून तिथल्या बाई त्यात बसतात. पाळणाघराचं खातं वेगळं. तिथले संचालक कायद्यात येतात, पण मुलांना सांभाळणाऱ्या साध्या ताईंचा त्यात समावेश केलेला नव्हता. कायदा लागू झाला त्या पहिल्याच दिवशी कुणा विद्यार्थ्याने प्राध्यापकाला कॉफीचा डबा दिल्याची तक्रार झाली होती, यावरून लोकांनी तो किती मनावर घेतला ते कळतं. जे मूल आपल्या वर्गात आहे, ज्याचं मूल्यमापन आपल्या हातात आहे, त्याच्या पालकांकडून कॉफीही नको, असा सरळ हिशोब. दंड भेटीच्या किमतीच्या दुपटीपासून पाचपटीपर्यंत, आणि तो देणाऱ्यालाही बसतो.

म्हणजे त्या बाईंनी डबा ठेवून घेतला असता तर त्याही अडचणीत आणि मीही. हे समजलं तेव्हा राग ओसरला, पण पुरता नाही.

बाकीचा राग घालवला शेजारच्या आजींनी. त्यांनी आपली तीन मुलं इथल्या शाळांत वाढवली. त्या सांगतात, त्या काळी छोनजीचं, म्हणजे शिक्षकांना गुपचूप द्यायच्या पैशांचं, पाकीट असायचं. पांढऱ्या पाकिटात नोटा घालून ते पुस्तकात ठेवायचं आणि पुस्तक मुलाच्या हाती बाईंकडे पाठवायचं. सगळेच शिक्षक घेत नसत, पण घेणारे घेत. आजींकडे तेवढे पैसे नव्हते. मुलगा मागच्या बाकावर गेला की त्या रात्रभर विचार करत बसायच्या की हे त्याच्या उंचीमुळे की आपल्या न गेलेल्या पाकिटामुळे. कळायला मार्गच नव्हता. सांगताना त्यांचा आवाज आजही चढतो.

इथे शिक्षक दिन 15 मे रोजी असतो, ज्यांच्या कारकिर्दीत कोरियन लिपी तयार झाली त्या राजा सेजोंग यांच्या जन्मदिनी. 1958 मध्ये शाळकरी मुलींनी आजारी आणि निवृत्त शिक्षकांना भेटायला जाण्यापासून ही प्रथा सुरू झाली, आणि 1965 पासून तारीख पक्की झाली. इतक्या निर्मळ सुरुवातीच्या दिवसाचं पुढे असं झालं की पाकिटं येऊ नयेत म्हणून काही शाळा त्या दिवशी सुट्टी देऊ लागल्या. आता कार्नेशनचं फूलसुद्धा एकट्या मुलाने द्यायचं नाही. वर्गाच्या प्रतिनिधीने सगळ्यांसमोर दिलं तर चालतं. हाताने लिहिलेलं पत्र चालतं. ज्यांनी मागच्या वर्षी शिकवलं, आणि आता ज्यांच्या हातात मुलाचे गुण नाहीत, त्यांना 50,000 वॉनपर्यंतची भेट चालते. इतकं मोजूनमापून ठरवलेलं आहे.

आजींच्या मुलाचा तो मागचा बाक ऐकल्यावर मला हा कायदा पटतो. आमच्या बालवाडीत सगळ्या थरांतली मुलं आहेत. कुणाचे आईवडील मोठ्या कंपनीत, कुणाची आई रात्रपाळीला जाते. कुणीच काही द्यायचं नाही म्हटल्यावर त्या आईला आपण मागे पडलो असं वाटायचं कारणच उरत नाही. आणि खरं सांगायचं तर आपल्या मुंबई-पुण्याच्या शाळांमधून आता जे चाललंय ते मला आवडत नाही. पालकांच्या ग्रुपवर वर्गणी जाहीर होते, कुणी किती दिले त्याची यादी फिरते, आणि ज्याने दिले नाहीत त्याचं नाव यादीत नसल्यामुळेच सगळ्यांना दिसतं. माझी बहीण दरवर्षी त्यावरून वैतागते आणि दरवर्षी पैसे देते.

पण म्हणून आपल्याकडचं देणं सरसकट वाईट, हे मला मान्य नाही. माझे बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. मळणी झाली की कुणीतरी पायलीभर ज्वारी आणून ओसरीवर ठेवायचं, कुणी वांगी, कुणी भुईमुगाच्या शेंगा. त्या बदल्यात बाबांनी कुणाचा एक गुण वाढवला नाही, आणि देणाऱ्यानेही मागितला नाही. ज्यांच्याकडे देण्यासारखं काही नव्हतं त्यांची पोरं आमच्याच ओसरीवर बसून अभ्यास करायची. हे कुठल्या कायद्यात कसं लिहायचं ते मला सांगता येणार नाही, पण ते खरं होतं आणि मी त्यात वाढले आहे.

आणि ज्यांना खरोखर द्यायला हवं त्या अंगणवाडीच्या ताईंना आपण काय देतो? 2023 च्या डिसेंबरात त्या राज्यभर संपावर गेल्या, मानधन वाढावं म्हणून. शहरातल्या आपल्या घरांत त्याची फारशी चर्चाही झाली नाही. इंग्रजी शाळेच्या टीचरना परफ्यूम आणि अंगणवाडीच्या ताईंना संप, ही आपली वाटणी मला टोचते.

कोरियाकडेही बोट दाखवायला जागा आहे, आणि मी ते दाखवणार. 2023 च्या जुलैमध्ये सोलमधल्या एका प्राथमिक शाळेतल्या तरुण शिक्षिकेने शाळेतच जीव दिला. पालकांच्या तक्रारींच्या दडपणाची चर्चा देशभर सुरू झाली. उन्हाळ्यात दर शनिवारी हजारो शिक्षक काळे कपडे घालून रस्त्यावर बसत होते. आमच्या बालवाडीच्या बाईही एका शनिवारी गेल्या होत्या असं नंतर कळलं. सप्टेंबरमध्ये संसदेने शिक्षकांच्या संरक्षणासाठी कायदे बदलले. तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळते. बाईंबद्दल नाराजी असेल तर पालकाला ती मुख्याध्यापकांपर्यंत, वर खात्यापर्यंत नेता येते, त्यासाठी फोन आहे, अर्ज आहे. कौतुक मात्र फुलात आणि डब्यात अडकलेलं होतं, आणि फूल-डब्याची वाट बंद केल्यावर त्यासाठी दुसरी वाट कुणी केली नाही. तक्रार वरपर्यंत जाते आणि आभार वर्गाच्या दारातच संपतात, हे बरोबर नाही.

नवऱ्याचं म्हणणं, मार्चमध्ये लेक वरच्या वर्गात गेली की या बाई तिच्या शिक्षिका राहणार नाहीत, मग रीतसर मर्यादेत बसणारी भेट दे, आजी सांगतील तसं. आजींनीही तेच सुचवलं. मला ते नको वाटतं. लाडू घ्यायच्या आधी त्यांना नियमांची यादी तपासावी लागणार असेल, नव्या वर्गातल्या एखाद्या पालकाला काय वाटेल याचा विचार करावा लागणार असेल, तर ते ओझं मी त्यांच्यावर घालणार नाही.

म्हणून मी मुख्याध्यापिकांना पत्र लिहिलं आहे. नुसते आभार नाहीत, काय काय घडलं ते सगळं. पहिल्या दिवशी लेक दारातून आत जाईना, तेव्हा बाई खाली फरशीवर तिच्याशेजारी बसून राहिल्या. डब्यात काय चालतं आणि काय नाही ते त्यांनी स्वतः आम्हाला विचारून घेतलं, कारण आम्ही गोमांस-डुकराचं मांस खात नाही. लेकीला गाणं समजेना म्हणून तिला त्यांनी हावभावांनी शिकवलं, आणि आता तेच गाणं ती घरी धाकट्याला शिकवते. पालक बाईंबद्दल तक्रार करताना जितके तपशील देतात, तितकेच मी कौतुकासाठी दिलेत. माझं कोरियन अजून कच्चं आहे, म्हणून शेजारच्या आजी उद्या संध्याकाळी बसून ते तपासून देणार आहेत. परवा मी ते स्वतः कार्यालयात नेऊन देणार आहे, आणि एक प्रत बाईंना.