रक्त भरून कसे निघते?

गेल्या महिन्यात रक्तदान करून आलो, तेव्हा कोपराच्या आतल्या बाजूला सुई टोचल्याचा लाल ठिपका उरला होता. चार दिवसांत तो मिटला आणि दिलेले रक्तही एव्हाना बरेचसे भरून निघाले असेल. ही भरपाई करणाऱ्या मूलपेशींचे, म्हणजेच स्टेम सेलचे, रोजचे काम मला त्यांच्याविषयीच्या जाहिरातींतील दाव्यांपेक्षा कितीतरी विलक्षण वाटते.

तांबडी रक्तपेशी साधारण १२० दिवस जगते. तिच्यात केंद्रक नसल्याने तिला विभाजनाने आपल्यासारखी दुसरी पेशी निर्माण करता येत नाही, त्यामुळे अस्थिमज्जेला, म्हणजे हाडांच्या आतील मऊ गराला, दर सेकंदाला सुमारे २० लाख नव्या तांबड्या पेशी घडवाव्या लागतात. एवढ्या उलाढालीच्या मुळाशी असलेली मूलपेशी स्वतः मात्र क्वचितच विभागते. तिच्यापासून झालेल्या काही पेशी मूलपेशी म्हणूनच राहतात, त्यामुळे साठा टिकतो. बाकीच्या पिढ्यान्‌पिढ्या विभागत जाऊन तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी किंवा रक्तबिंबिका, म्हणजेच प्लेटलेट, होतात.

टोरांटो येथे टिल आणि मॅककुलॉक या शास्त्रज्ञांनी किरणोत्साराने मज्जा नष्ट केलेल्या उंदरांना दुसऱ्या उंदरांच्या मज्जापेशी टोचल्या, तेव्हा त्यांच्या प्लीहेवर बारीक गाठी उठल्या. यातील प्रत्येक गाठ एकाच पेशीपासून वाढलेली असते, हे १९६३ साली सिद्ध झाले.

आतड्याचे अस्तरही तीन ते पाच दिवसांत नवे होते. हृदयाच्या स्नायूला ही सोय जवळजवळ नाही, म्हणूनच हृदयविकाराच्या झटक्यात मेलेल्या भागाच्या जागी व्रण राहतो. जपानी शास्त्रज्ञ शिन्या यामानाका यांनी २००६ साली उंदराच्या त्वचेतील पेशींमध्ये चार जनुके घालून त्यांना भ्रूणातील मूलपेशींसारखे केले, तेव्हापासून या उणिवेवर उपाय शोधण्याची नवी वाट मोकळी झाली. ती वाट अजून प्रयोगांची आहे. गुडघ्यापासून मेंदूपर्यंत सारे बरे करण्याची हमी देऊन हतबल रुग्णांकडून पैसे घेणे मला अक्षम्य वाटते.

रक्ताच्या कर्करोगात मात्र मूलपेशींचे रोपण अनेक दशके होत आहे. दात्याच्या पेशींची पिशवी रक्तासारखीच शिरेतून चढवतात; हाडांवर शस्त्रक्रिया करावी लागत नाही, कारण रक्तातून फिरत त्या पेशी मज्जेची जागा स्वतःच शोधून काढतात. मग रोजच्या तपासणीत पांढऱ्या पेशींचा आकडा कित्येक दिवस शून्याजवळच राहतो, रुग्णाला संसर्गापासून जपावे लागते आणि साधारण दोन ते चार आठवड्यांनी तो आकडा हळूहळू वर सरकू लागतो.