एका शब्दात लपलेले आठ बार

‘स्कॉटिश’ म्हटलं की मुंबईकराला आधी माहीमची शाळा आठवते. इथे विषय आहे स्कॉटिश कंट्री डान्सचा. चार जोड्या, दोन समोरासमोरच्या रांगा, बहुतेक वेळा ३२ बारांचा (बार म्हणजे संगीतातलं तालाचं एक छोटं माप) नाच आणि तो आठ वेळा. शिकायला लागलं की महिन्याभरात प्रश्न येतोच: पुस्तकं घ्यायची की क्रिबवर भागवायचं? क्रिब म्हणजे अख्खा नाच चार-पाच ओळींत बसवलेलं टिपण. मिनीक्रिबसारखा संग्रह फुकट उतरवून घेता येतो आणि हजारो नाच फोनमध्ये मावतात. पुस्तकं परदेशातून मागवायची, वर टपालखर्च. तरी पुस्तकं घ्यावीत असंच माझं ठाम मत आहे.

पेट्रोनेला हा नाच घ्या. १९२३ मध्ये ग्लासगोत स्थापन झालेल्या स्कॉटिश कंट्री डान्स सोसायटीने (१९५१ पासून ती ‘रॉयल’ झाली) १९२४ मध्ये पहिलं पुस्तक काढलं, त्यातलाच हा. क्रिब साधारण अशी असते (‘वर’ म्हणजे संगीताची बाजू, पहिली जोडी सगळ्यांत वरची; ‘सेट’ म्हणजे जागेवरच उजवी-डावीकडे पावलं टाकणं; ‘पेट्रोनेला टर्न’ म्हणजे गिरकी घेत उजवीकडे तिरकं सरकणं):

१–८: पहिली जोडी पेट्रोनेला टर्न घेऊन मध्ये, सेट; पुन्हा टर्न घेऊन पलीकडच्या बाजूला, सेट.
९–१६: तसंच करत मूळ जागी.
१७–२४: हात धरून मधून खाली, परत वर.
२५–३२: पहिली आणि दुसरी जोडी, पुसेट.

वाचायला सोपं, पण नाच मोडतो तो शेवटच्या ओळीत. ‘पुसेट’ या एका शब्दात आठ बार आहेत. दोन्ही जोड्यांनी मधल्या रेषेवर आपापल्या जोडीदाराचे दोन्ही हात धरलेले असतात. पहिल्या बारला पहिली जोडी पुरुषांच्या बाजूला सरकते, दुसरी स्त्रियांच्या बाजूला. दुसऱ्याला पाव वळण. तिसऱ्याला पहिली जोडी खाली, दुसरी वर. चौथ्याला पुन्हा पाव वळण, पाचव्याला मध्ये, सहाव्याला अर्धं वळण, सातव्या-आठव्याला मागे सरकत आपापल्या रांगेत. पावलं सगळी पा द बास्कची, म्हणजे तीन ठोक्यांच्या छोट्या पावलांची. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे इथे पुरुषाने डाव्या पायाने सुरुवात करायची. एरवी सगळं उजव्या पायाने सुरू होत असल्यामुळे सवयीने उजवाच पाय पुढे येतो, जोडीदाराशी गुडघे आपटतात आणि वळण अर्ध्या बारने उशिरा पडतं. पुढच्या फेरीला पहिली जोडी तिरकीच उभी राहते.

त्याच्याही आधीची एक चूक आहे. चोविसाव्या बारला दुसऱ्या जोडीने पुढे येऊन हात धरायचे असतात. क्रिबमध्ये १७–२४ ची ओळ पहिल्या जोडीबद्दलच बोलते, म्हणून दुसरी जोडी रांगेत निवांत उभी राहते आणि पंचविसाव्या बारला धावत मध्ये येते. क्रिब नाचणाऱ्यांचं सांगते, उभे असलेल्यांचं फारसं सांगत नाही, आणि चार जोड्यांचा गट बहुतेक वेळा उभ्या असलेल्यांमुळेच बिघडतो.

गाणाऱ्याच्या वहीचंही असंच असतं. बंदिशीचे नुसते शब्द पुरतात, कारण चाल गळ्यात बसलेली असते. ज्याच्या पायात पुसेट बसला आहे त्याला एक शब्द पुरे. बाकीच्यांना तोच शब्द दगा देतो.

शिवाय पुस्तकात नाचाबरोबर त्याची मूळ धून स्वरलेखनासह असते. जिग या उड्या मारत्या चालीच्या धुनेचा बार कानाला दादऱ्यासारखा लागतो. धून गुणगुणता आली की आठ बार कुठे संपतात ते मोजावं लागत नाही. क्रिबमध्ये धून नसते, मग माणूस मनात आकडे मोजत नाचतो आणि चेहऱ्यावर ते दिसतं.

म्हणून क्रिब स्वतः बनवा, पुस्तकातून. टेबलावर कॅरमच्या चार काळ्या, चार पांढऱ्या सोंगट्या मांडा. काळे पुरुष, पांढऱ्या स्त्रिया. वरच्या टोकाला स्ट्रायकर ठेवा, ते संगीत. पुरुषांचा डावा खांदा स्ट्रायकरकडे यायला हवा, नाहीतर सगळा नाच उलटा पाठ होईल. सोंगटीवर खडूने तोंडाची दिशा दाखवणारी रेघ ओढा. पेट्रोनेलाच्या पहिल्या टर्ननंतर स्त्री वरच्या बाजूला, तोंड खाली. पुरुष खालच्या बाजूला, तोंड वर. ते जुळलं तरच पुढे जा. मग पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर आठ-आठ बारांच्या चार ओळी लिहा. लाल शाईने फक्त तीन गोष्टी: कोणता हात, कोणता पाय, उभ्या असलेल्यांनी कधी हलायचं. असं कार्ड लोकलमध्ये दादर ते चर्चगेट दोनदा वाचून होतं.

सोसायटीची क्रमांकित पुस्तकं पन्नासच्या वर आहेत. सगळी नकोत. आधी तंत्राचं मॅन्युअल, मग ज्यातले तीन-चार नाच तुम्ही खरोखर नाचता तेवढीच पुस्तकं. जुन्या आणि नव्या छपाईत काही सूचना बदललेल्या असतात, म्हणून कार्डाच्या कोपऱ्यात छपाईचं वर्ष लिहाच. दोन अनुभवी माणसं एकाच नाचावरून वाद घालतात तेव्हा बरेचदा दोघांच्याही हातातली आवृत्ती वेगळी असते.

मुंबईत पुस्तकांचे खरे शत्रू दोन: पावसाळ्यातली बुरशी आणि स्टेपलच्या पिनांचा गंज. जुन्या पुस्तिका पातळ, मधोमध पिना मारलेल्या. खाऱ्या हवेत दोन-तीन पावसाळ्यांत पिनेभोवती तपकिरी डाग पडतो, मग मधलं पान सुटतं. डाग दिसायच्या आधीच पुस्तिका मधोमध उघडून पिनेची टोकं बोथट सुरीने सरळ करा, पिना काढा आणि त्याच भोकांतून जाड सुती दोरा ओवून गाठ आतल्या बाजूला मारा. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करू नका, आत दमट हवा अडकते. कपाटात भिंतीपासून दोन बोटं सोडून उभी ठेवा, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, आणि उघडीप मिळेल त्या दिवशी तासभर पंख्याखाली पानं मोकळी करा. उन्हात नको, जुना कागद पिवळा पडतो.