पलंगाखालची आढी

मे महिन्यात डोंबिवलीतल्या आमच्या वन रूम किचनमध्ये पलंगाखाली आंबा असतो आणि माणसं त्याच्या सोयीने वावरतात. राजापूर तालुक्यातल्या गावाहून पेट्या येतात, सोबत पेंढाही येतो. वर्तमानपत्रात गुंडाळून पिकवलेल्या आंब्याला आई आंबा मानत नाही. खाली पेंढा, त्यावर आंब्यांचा थर, पुन्हा पेंढा, वर गोणपाट.

सुरुवातीला काहीच होत नाही. मग आईचा फोन: "हात घातलास का आत? ऊब आली?"

ऊब खरंच येते. तोडलेला आंबाही श्वास घेत असतो, त्यातून उष्णता बाहेर पडते. बरोबर इथिलीन नावाचा वायूही सुटतो. त्या वायूने आंबा पिकतो आणि पिकू लागलेला आंबा आणखी वायू सोडतो. पेंढ्यात तो कोंडतो, त्यामुळे एकाने सुरुवात केली की शेजारचे मागे राहत नाहीत. डागी फळ लगेच काढायचं तेही यासाठीच. दुखावलेलं फळ हा वायू जास्त सोडतं. घरभर जो घमघमाट सुटतो तो मात्र इथिलीनचा नव्हे, तो पिकताना तयार होणाऱ्या दुसऱ्याच सुगंधी द्रव्यांचा. पिकणारी फळं स्वतःच इथिलीन सोडतात हे 1934 साली इंग्लंडमध्ये गेन नावाच्या शास्त्रज्ञाने सफरचंदांवर दाखवून दिलं. आमच्या पणजीच्या आढ्या तेव्हा जोरात चालू असणार.

म्हणूनच 'गॅसवर पिकवलेला' म्हटलं की नाक मुरडणाऱ्यांशी माझं पटत नाही. चेंबरमध्ये सोडतात तोही इथिलीनच, आणि ठरलेल्या मर्यादेत त्याला कायद्याने परवानगी आहे. कार्बाइडची गोष्ट वेगळी. त्यातून ओलाव्याने अॅसिटिलीन सुटतो, त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसचा अंश असू शकतो, आणि त्यावर बंदी आहे ती योग्यच आहे.

माझा राग आहे तो कोवळ्या तोडणीवर. बाबा आंब्याचे खांदे बघतात: ते देठाच्या वर चढले, देठापाशी खळगा पडला, की मगच घळ (आंबा उतरवायची जाळीची काठी) लावायचा, तोही देठ ठेवून, नाहीतर चीक सालीवर ओघळून डाग पडतात. पण मार्चमधला भाव बघितला की एवढं थांबायला कुणाला जमतं? असा कोवळा आंबा पिवळाधमक होतो, पण नाकाशी धरला तर ढिम्म. मग वायू कितीही सोडा.

आमची आढी उघडली की मजलाभर वास जातो आणि शेजारच्या काकू "डझन कितीला दिलात?" विचारत दारात येतात. विकायचे नाहीत म्हणून यंदा चार तसेच दिले. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, एकात साका निघाला, म्हणजे आतला गर पांढरट आणि स्पंजासारखा. आता साका काही बाहेरून दिसत नाही आणि वासानेही कळत नाही. बदली आंबा दिला, तो त्यांनी तिथेच, आमच्यासमोर कापून बघितला.