सॅमीचा राजीनामा आणि आयर्विन पुलावरची उडी

शिस्त, प्रार्थना आणि छड्या यांवर लिहिणारे आमच्या सांगलीच्या शाळेच्या या स्मरणिकेत पुष्कळ निघतील. मला लिहायचंय ते वेळापत्रकात नसलेल्या एका तासाबद्दल. दहावीचं वर्ष, भर पावसाळा, कृष्णा फुगलेली, एस.टी.ने येणारी पोरं गैरहजर. गणिताचा तास मोकळा होता. इंग्रजीचे सर आत आले आणि म्हणाले, "पुस्तकं मिटा. परीक्षेत न येणारं काहीतरी सांगतो."

गोष्ट होती जॉन अपडाइक या अमेरिकन लेखकाची 'ए अँड पी', 1961 साली 'न्यू यॉर्कर'मध्ये छापून आलेली. ए अँड पी हे तिकडच्या, 2015 साली बंद पडलेल्या, किराणा भांडारांच्या साखळीचं नाव. बॉस्टनच्या उत्तरेकडच्या एका गावातल्या अशा भांडारात 19 वर्षांचा सॅमी गल्ला सांभाळतो. गुरुवारची दुपार, गिऱ्हाईक तुरळक. तीन मुली अनवाणी, पोहण्याच्याच कपड्यांत दुकानात येतात. त्यातल्या पुढचीला सॅमी मनातल्या मनात राणी करून टाकतो. ही राणी घेते काय, तर आईने आणायला सांगितलेली माशांची बरणी, 49 सेंटची! मॅनेजर लेंगेल तिला पोशाखावरून सगळ्यांदेखत सुनावतो. मुली घाईघाईने निघतात. त्यांच्या कानावर पडावं अशा बेताने सॅमी म्हणतो, मी नोकरी सोडतोय. पण त्या थांबतच नाहीत.

मागचे बाक खदखदले. हरभट रोडवर दुकान असलेल्याचा मुलगा मात्र खरोखर चिडला होता. "मर्दा, गिऱ्हाईक उभं असताना गल्ला सोडून कोण जातंय?" त्याच्या लेखी गोष्टीतला खलनायक सॅमीच.

तेवढ्यात कुणीतरी आमच्या वर्गातल्या एका पठ्ठ्याचं नाव घेतलं आणि सगळा वर्ग त्याच्याकडे वळला. आदल्याच आठवड्यात त्याने आयर्विन पुलावरून उडी टाकली होती. पूर आला की पाणी किती फुटांवर गेलं ते बघायला अख्खी सांगली पुलावर लोटते, आणि पट्टीची पोरं कठड्यावरून नदीत उड्या टाकतात, हे सांगलीकरांना सांगायला नको. पण हा गडी त्या पोरांतला नव्हता. कठड्याशी वर्गातल्या चौघी उभ्या होत्या, एवढंच निमित्त. प्रवाहाने त्याला बराच खाली नेलं. घाटाला लागून, निथळत, एका चपलेनिशी तो पुलावर परतला तोवर चौघी घरी गेलेल्या. "आम्ही पाणी बघायला गेलो होतो," असं त्यातल्या एकीने वर्गात सांगितलं आणि त्याच्या उरल्यासुरल्या अब्रूवर पाणी सोडलं.

सर हसले नाहीत. म्हणाले, "याचं ठीक आहे. कठडा सुटला की परत फिरायची सोय नाही. पण सॅमीला सोय होती. लेंगेल त्याला म्हणतो, बाबा रे, आईबापाचा तरी विचार कर. म्हणजे बोललेलं मागे घ्यायला वाट ठेवतो. मुली तर केव्हाच बाहेर पडल्यात. मग हा ॲप्रनची घडी घालून काउंटरवर का ठेवतो?"

या प्रश्नावर तास रंगला. आमच्यापैकी बहुतेकांचं म्हणणं, प्रेमात माणूस आंधळा होतो वगैरे. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं. त्या ओढीने सॅमीच्या तोंडून पहिलं वाक्य काढलं, बस्स. पुढे ओढीचा संबंध उरत नाही; उरते ती अकड. एकदा पवित्रा घेतला की तो निभावलाच पाहिजे, असं त्याचं तोच ठरवतो. आईने आदल्या रात्री इस्त्री करून दिलेल्या पांढऱ्या शर्टात तो उन्हात बाहेर पडतो, तेव्हा त्या मुली केव्हाच निघून गेलेल्या असतात. तो शर्ट अपडाइकने फार हुशारीने ठेवलाय. नोकरी गेल्याची झळ कुणाला लागणार, ते वेगळं सांगावं लागत नाही.

मुलींच्या बाकांवरून मात्र दुसराच सूर आला. मुलींना खरंच मन असतं का, अशी शंका सॅमी गोष्टीत एके ठिकाणी घेतो, हे सरांनी प्रामाणिकपणे सांगितलं होतं. आम्ही सभ्य आहोत, असं ती राणी लेंगेलला तोंडावर सुनावते, हेही सांगितलं होतं. पाणी बघायला गेलेलीच उठली. "सर, तिने तिचं उत्तर दिलं होतं की. मग याला मध्ये पडायला कुणी सांगितलं?"

सरांकडे याचं उत्तर नव्हतं, किंवा असूनही त्यांनी दिलं नाही. घंटा व्हायला आली होती. त्यांनी गृहपाठ दिला: हीच गोष्ट राणीच्या बाजूने लिहून आणा.

वह्या जमल्या. आम्हा पोरांच्या वह्यांत राणी हमखास परत येऊन सॅमीचे आभार मानत होती. एकाने तर त्याला तिच्या वडिलांच्या कंपनीत चिकटवूनही टाकलं होतं. पुलावरच्या गड्याची राणी पुरातून वाहत आली होती, कशी ते त्यालाच ठाऊक. मुलींच्या वह्यांत बरणी होती, आई होती, लेंगेलला मनसोक्त शिव्या होत्या. सॅमी शोधावा लागत होता. सरांनी एकाही वहीवर गुण दिले नाहीत. दोन्ही गठ्ठ्यांची अदलाबदल करून मुलींच्या वह्या आम्हाला आणि आमच्या मुलींना वाचायला दिल्या, आणि स्वतः पाणी किती फुटांवर आलं ते विचारायला शिपायाकडे गेले.