"आवाज तर त्यानाच शे भो!"

अमळनेरच्या बाजार समितीबाहेर कापसाच्या ट्रॅक्टरला टेकलेले एक आजोबा फोन कानाला लावून ठामपणे म्हणाले. क्लिपमधला पुढारी कापसाची हमीभाव खरेदी बंद झाल्याचं सांगत होता. आत खरेदी चालू होती.

मेसेजवर दोन बाणांची खूण होती. म्हणजे तो किमान पाच वेळा पुढे ढकलला गेलेला. त्या खुणेचा अर्थ आजोबांना कुणी सांगितलाच नव्हता.

आवाजाची नक्कल करायला आता काही सेकंदांचं भाषण पुरतं. केंद्राच्या आयटी नियमांनुसार फेब्रुवारी २०२६ पासून अशा कृत्रिम मजकुरावर लेबल सक्तीचं आहे, फाइलच्या आतही खूण ठेवायची आहे. पण क्लिप एका फोनवर वाजवून दुसऱ्यावर रेकॉर्ड केली, सुरुवातीची सूचना कापली, की उरतो नुसता आवाज. व्हॉट्सअ‍ॅपवर नेमकं हेच होतं.

त्याच नियमांत सरकारचा किंवा कोर्टाचा आदेश आला की समाजमाध्यम कंपन्यांनी मजकूर ३ तासांत काढायचा. आधी मुदत ३६ तास होती. घाई हवीच, पण खोटं काय हे सत्तेनंच ठरवायचं? सरकारविषयीचा कोणता मजकूर खोटा हे ठरवणाऱ्या केंद्राच्या फॅक्ट चेक युनिटची तरतूद मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केली, ती याच काळजीपोटी.

तिकडे बातम्या देणारी माध्यमंही मोजक्या हातांत जातायत: २०२२ च्या अखेरीस एनडीटीव्ही अदानी समूहाकडे गेलं, २०२४ मध्ये रिलायन्स आणि डिस्नेच्या शंभरावर वाहिन्या एका छत्राखाली आल्या.

आजोबांनी खात्री करायला फोन लावायचा तरी कुणाला?