बोलायच्या आधीच टाळ्या

काल एका कॉलेजात भाषणाला गेले होते, कालपासून डोक्यातून जातच नाहीये. टाळ्या वाजल्या तेव्हा मी एक शब्दही बोलले नव्हते.

स्टेजला पाच पायऱ्या, कठडा नाही. कठडा असता तर मी माझी माझी चढले असते, पायाला आधाराला बांधते त्या कॅलिपरचा गुडघ्याचा लॉक लावायचा, एक हात कठड्याला, दुसऱ्या हातात कुबडी, वेळ लागतो पण जमतं. मी काही म्हणायच्या आतच चार पोरं आली आणि खुर्चीसकट उचलून मला वर नेलं, एकाचा हात कमरेला... जाऊदे, पोरं चांगली होती. आणि अख्खा हॉल टाळ्या. निवेदन करणारी मुलगी माईकवर म्हणाली, हीच ती जिद्द! कसली जिद्द, मी तर नुसती बसून होते.

कुबड्या कुणीतरी नेऊन लांब पडद्यापाशी ठेवल्या. म्हणजे भाषण संपेपर्यंत मला वाटलं तरी जागेवरून उठता येणार नव्हतं. हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. आपण बोलतोय आणि आपल्या कुबड्या हाताला लागत नाहीयेत, याची जी धाकधूक असते ना ती कशी सांगायची.

मी तयारी केली होती ती अपंगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याची. आधी अपंगत्वाचे ७ प्रकार होते ते २१ झाले, उच्च शिक्षणात ५ टक्के जागा राखीव, सरकारी नोकरीत ४ टक्के. कॉलेजच्या पोरांना हेच माहीत हवं ना? थोडं बोलून झालं आणि चिठ्ठी आली, "ताई, तुमचा संघर्ष सांगा." मग सांगितला. पावसाळ्यात आई मला पाठीवर घेऊन ओढा ओलांडायची ते. आईचं सांगताना मलाच पुढे... असो. हॉल चिडीचूप, दोघीतिघी डोळे पुसत होत्या.

ऑस्ट्रेलियात स्टेला यंग म्हणून होती, अपंगांच्या हक्कांसाठी बोलायची, व्हीलचेअरवर असायची. ती एका शाळेत कायद्याचा तास घेत होती, वीसेक मिनिटं झाली आणि एका पोराने विचारलं, मिस, तुमचं भाषण कधी सुरू होणार? व्हीलचेअरवरची बाई आली म्हणजे जिद्दीचं भाषणच, असं त्याला वाटलेलं. तिने हे २०१४ मध्ये सिडनीतल्या भाषणात सांगितलंय. त्याच वर्षी ती गेली. काल मला तिची फार आठवण आली.

रात्री कॅलिपर काढला, पट्ट्याचे वळ चोळत बसले आणि खूप रडले. लोकांना मला बघायचंय, माझं ऐकायचं नाहीये, मग जायचंच कशाला?

पण तो गेटवरचा मुलगा. मी रिक्षात बसत होते तर धावत आला, वडिलांचा हात मळणी यंत्रात गेलाय, ते यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगांचं सरकारी ओळखपत्र, कुठं काढायचं? त्याला सगळं सांगितलं, स्वावलंबन पोर्टलवर अर्ज, मग सिव्हिलला तपासणी, बऱ्याचशा सवलतींना ४० टक्के तरी अपंगत्व लागतं. तो मोबाईलमध्ये टाईप करत होता, रिक्षावाला थांबला बिचारा. आज विचार करतेय, नुसता कायदा सांगितला असता तर तो एवढ्या हक्काने आला असता का? आईचं ऐकून आला असेल. तसं असेल तर असू दे, ओढासुद्धा सांगेन.

मला उचलू देणार नाही मात्र. ३ डिसेंबरला जागतिक दिव्यांग दिनाचं एक बोलावणं आहे. सकाळी त्यांना विचारलं, स्टेज किती उंच? म्हणाले ३ फूट, आमची पोरं उचलतील, काळजी नको. मी लिहिलं, रॅम्पला एका फुटाच्या चढाला १२ फूट लांबी लागते, म्हणजे तुम्हाला ३६ फूट लागेल, तेवढी जागा नसेल तर कार्यक्रम खालीच घ्या, मी पोरांच्या समोर बसून बोलेन. आणि कुबड्या माझ्याजवळच राहतील. अजून उत्तर नाही. यावेळी कार्डाचा अर्ज कसा भरायचा ते आधी सांगणार, ओढा नंतर.